एका मूत्रपिंडावरचं आयुष्य

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ असण्याची सवय अजून सुटलेली नाही. त्यामुळे माझ्या आजाराकडे बघतानाही मला आधी सनावळीच आठवते.

चार वर्षांपूर्वी जेवणानंतर पोट जड वाटायचं. पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, पण डाव्या मूत्रपिंडात साडेसहा सेंटिमीटरची गाठ निघाली. दुखणं नाही, लघवीतून रक्त नाही, ताप नाही. पुढे सीटी स्कॅन झाला आणि शल्यचिकित्सकांनी समोर बसवून सांगितलं, ‘‘सर, गाठ कर्करोगाची दिसतेय. ती अशा जागी आहे की मूत्रपिंडच काढावं लागेल. पण घाबरू नका, माणसाला एक मूत्रपिंड पुरतं.’’

माणूस घाबरला की काहीतरीच विचारतो. मी विचारलं, ‘‘एक पुरतं, हे पहिल्यांदा कुणाला कळलं?’’

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘‘ऑपरेशननंतर सहा आठवडे तुम्हाला घरी काही काम नाही. तेवढ्यात शोधा आणि मलाही सांगा.’’

आजचं हे बोलणं म्हणजे त्या गृहपाठाचं उत्तर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शल्यचिकित्सक मूत्रपिंडाला हात लावायला धजत नसत. मूत्रपिंड पोटाच्या मागच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला असतं. थेट महारोहिणीतून आलेली जाडजूड रक्तवाहिनी त्याला रक्त पुरवते. ती निसटली तर काही मिनिटांत खेळ संपतो. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे, दोनांपैकी एक काढलं तर माणूस जगेल का? जिवंत माणसावर याचं उत्तर कुणी तपासलेलं नव्हतं.

गाठ असलेलं मूत्रपिंड पहिल्यांदा काढलं गेलं ते चुकून. १८६१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात इरॅस्टस वोल्कॉट या डॉक्टरांनी एका अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचं पोट उघडलं. त्यांना ती गाठ यकृताची वाटली होती. काढल्यावर कळलं की ते मूत्रपिंड आहे. रुग्ण पंधरा दिवस जगला. अँटिसेप्टिकचा जमाना अजून यायचा होता. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल वापरावं, हे लिस्टरनं सांगितलं ते १८६७ मध्ये.

विचारपूर्वक, ठरवून मूत्रपिंड काढण्याचा मान जातो जर्मनीतल्या हायडलबर्गच्या गुस्ताव सिमोन यांच्याकडे. त्यांच्या रुग्णाचं नाव मार्गारेता कोल्ब, वय शेहेचाळीस. तिला कर्करोग नव्हता. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी भलत्याच वाटेनं झिरपत राहायची. कपडे कायम ओले, अंगाला वास, चारचौघांत बसायची चोरी. सिमोन यांनी ती वाट बुजवायचा अनेकदा प्रयत्न केला, पण यश आलं नाही. मग त्यांच्या मनात आलं की त्या बाजूचं मूत्रपिंडच काढलं तर लघवी तिथे येणारच नाही.

पण एकावर बाई जगेल का? सिमोन यांनी आधी कुत्र्यांची एकेक मूत्रपिंडं काढून पाहिली. कुत्री जगली आणि उरलेलं मूत्रपिंड आकारानं वाढून दोघांचं काम करू लागलं. मृतदेहांवर हात बसवला आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी, क्लोरोफॉर्मची भूल देऊन, चाळीसेक मिनिटांत कोल्बबाईंचं डावं मूत्रपिंड काढलं. बाई बऱ्या झाल्या. ‘एक पुरतं’ हे वाक्य माणसाच्या बाबतीत खरं ठरलं ते त्या दिवशी.

माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा मला कोल्बबाईंची फार आठवण झाली. मला प्रतिजैविकं होती, सलाइन होतं, वेदनाशामक औषध थेंबाथेंबानं चालू होतं. तरीही पहिली रात्र मोठी गेली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेनं तीन रंगीत चेंडूंचं यंत्र हातात दिलं. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे, म्हणजे फुप्फुसं मोकळी राहतात. पहिल्या प्रयत्नात एकच चेंडू हलला. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची. त्याच संध्याकाळी हिचा हात धरून वॉर्डाच्या टोकापर्यंत चाललो. घरी आल्यावर सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, वाकून पलंगाखालचं काही ओढायचं नाही. जखम लवकर भरली, थकवा मात्र तीन महिने गेला नाही. दुपारी दोन पानं वाचली की डोळे मिटत. बरं होणं म्हणजे टाके निघणं नव्हे, हे तेव्हा उमगलं.

आता पुन्हा हायडलबर्गकडे येऊ. सिमोन १८७६ मध्ये वारले. त्यांच्या जागी व्हिन्सेंट्स चेर्नी आले. सिमोन यांनी अख्खं मूत्रपिंड काढून दाखवलं होतं, तर चेर्नी यांनी १८८७ मध्ये त्याच गावात गाठीपुरता भाग काढून बाकीचं मूत्रपिंड वाचवलं. कल्पना उत्तम, पण काळाच्या फार पुढची. मूत्रपिंडाला सुरी लागली की रक्ताला खळ नसतो. त्यामुळे ही वाट पुढे कित्येक दशकं जवळपास बंदच राहिली.

दरम्यान या गाठीला नाव मिळालं, तेही चुकीचं. १८८३ मध्ये पाउल ग्राविट्स या जर्मन विकृतितज्ज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली त्या पिवळसर, चरबीनं भरलेल्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या वाटल्या. त्या ग्रंथीचे तुकडे जन्माआधीच मूत्रपिंडात अडकून राहतात आणि पुढे त्यांची गाठ होते, असं त्याचं म्हणणं. त्यावरून ‘हायपरनेफ्रोमा’ हा शब्द रूढ झाला. या पेशी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्याच आहेत, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं स्पष्ट दिसलं ते १९६० मध्ये. तरी पुस्तकांतून तो जुना शब्द बराच काळ हटला नाही. चुकीचं नाव एकदा बसलं की निघत नाही, हा अनुभव इतिहासाच्या मास्तरला नवा नाही.

त्या काळच्या शल्यचिकित्सकाची आणखी एक अडचण होती. एक मूत्रपिंड काढताना दुसरं जागेवर आहे का आणि काम करतं का, हे कळायचं कसं? काही माणसं जन्मतःच एकच मूत्रपिंड घेऊन येतात. ते एकुलतं एक काढलं गेल्याचे प्रसंगही नोंदलेले आहेत. १८९५ मध्ये एक्स-रे आले, पण त्यात हाडं दिसायची, मूत्रपिंडाचं काम दिसत नसे. १९२९ मध्ये शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडांची छायाचित्रं घेण्याची रीत बसली, तेव्हा कुठे हा अंधार कमी झाला.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला शिस्त लावली कॅनडातल्या टोरंटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी. १९६३ आणि १९६९ मधल्या लेखांत त्यांनी मांडलं की नुसतं मूत्रपिंड काढून भागत नाही. भोवतालची चरबी, तिच्यावरचं आवरण, वरची अधिवृक्क ग्रंथी आणि जवळच्या लसिका ग्रंथी हे सगळं एकसंध काढलं पाहिजे. आजार कुठवर पोचलाय, याच्या पायऱ्याही त्यांनी आखल्या. पुढची काही दशकं जगभर हाच पाठ गिरवला गेला. बरगड्यांखालून लांबलचक छेद, दोन आठवड्यांचं रुग्णालय, महिनोन् महिने कमरेत ओढ, असा तो काळ.

मग चित्र पालटलं, आणि ते सुरीनं नव्हे, एका यंत्रानं पालटलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं. काही वर्षांत संपूर्ण शरीराची यंत्रं आली. हाउन्सफिल्ड आणि अॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. त्याच सुमाराला सोनोग्राफीही पसरू लागली. तोवर हा आजार तीन खुणांवरून ओळखायचा, असं वैद्यकाच्या पुस्तकात शिकवत : लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ. तिन्ही खुणा एकत्र दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असायचा. आज निम्म्याहून अधिक गाठी माझ्यासारख्या सापडतात, म्हणजे दुसरंच काहीतरी शोधताना आणि काहीही दुखत नसताना.

गाठी लहान सापडू लागल्या तसा प्रश्नही बदलला. दोन सेंटिमीटरच्या गाठीसाठी अख्खं मूत्रपिंड का काढायचं? चेर्नींची बंद पडलेली वाट पुन्हा उघडली. गाठीपुरता भाग काढायचा आणि उरलेलं राखायचं, ही रीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या अँड्र्यू नोविक यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी रुजवली. छेदही लहान झाला. २५ जून १९९० रोजी सेंट लुईस इथे राल्फ क्लेमन आणि सहकाऱ्यांनी पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजींचं मूत्रपिंड दुर्बिणीतून काढलं. त्याला जवळजवळ सात तास लागले. सिमोन यांना चाळीस मिनिटं, क्लेमन यांना सात तास. पण आजींच्या पोटावर लांब छेद नव्हता. माझ्या पोटावर चार छोटे वण आहेत आणि मूत्रपिंड बाहेर काढण्यापुरता एक जरा मोठा, ते या आजींच्या वाटेनं आलेले.

आता तर काही वयस्कर रुग्णांची अगदी लहान गाठ काढतही नाहीत. ठरावीक महिन्यांनी चित्र काढून नजर ठेवतात. अशा बऱ्याच गाठी वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. दीडशे वर्षांपूर्वी मूत्रपिंड काढायचं धाडस लागत होतं, आज कधीकधी ते न काढायचं धाडस लागतं.

श्रोतेहो, इथवरचा इतिहास शस्त्रक्रियेचा झाला. पण शस्त्रक्रिया हा एका दिवसाचा मामला असतो. त्यानंतरची वर्षं असतात फेरतपासणीची. आणि खरं सांगायचं तर मला शस्त्रक्रियेपेक्षा तीच जड गेली.

पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावणं होतं, आता वर्षातून एकदा आहे. ज्याचा आजार जास्त पुढे गेलेला, त्याला लवकर लवकर बोलावतात. छातीचं आणि पोटाचं चित्र, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, रक्तदाब. हा आजार परतला तर बहुधा फुप्फुसात, हाडांत, यकृतात किंवा मेंदूत डोकावतो, कधी उरलेल्या मूत्रपिंडातही. परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत परततो, पण दहा वर्षांनंतरही परतल्याची उदाहरणं आहेत. आणि तो परतलाय हे खात्रीनं सांगणारी साधी रक्ततपासणी अजून रोजच्या वापरात आलेली नाही. म्हणून चित्रंच काढावी लागतात.

तारीख जवळ आली की घरातलं वातावरण बदलतं. ही स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आवाज करत लावते. मला साधा खोकला आला तरी दोघं एकमेकांकडे बघतो. पाठ दुखली की वाटतं, हाडांत तर नाही? तपासणीचा लिफाफा हातात आला की तो उघडायच्या आधी पिशवीत घालून मी गुपचूप चहाला जातो. एकदा ही म्हणाली, ‘‘अहो, ही तपासणी तुमचा आजार शोधते की तुमची झोप घालवते?’’ प्रश्न बरोबर होता. मी डॉक्टरांना म्हटलं, ‘‘मला काहीच होत नाही. हे पाहणं थांबवलं तर?’’

त्याचं उत्तर मला पुन्हा इतिहासातच सापडलं.

बॉस्टनच्या बार्नी आणि चर्चिल या दोन डॉक्टरांनी १९३९ मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मूत्रपिंडातला कर्करोग फुप्फुसात पसरलेला होता. त्यांनी मूत्रपिंड काढलं आणि फुप्फुसाचा तो भागही काढला. त्या काळी पसरलेला कर्करोग म्हणजे शेवटच. पण तो रुग्ण पुढे तेवीस वर्षं जगला आणि गेला तो हृदयविकारानं. एखाद-दुसरी लहान गाठ परतली आणि वेळेवर सापडली तर ती काढता येते, ही आशा तेव्हापासूनची आहे.

मात्र एकापेक्षा अधिक ठिकाणी आजार पसरला तर विसाव्या शतकात डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. नेहमीच्या केमोथेरपीला हा कर्करोग दाद देत नाही. मार्ग निघाला तो एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून. जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिप्पेल आणि स्वीडनचे आर्विद लिंडाऊ यांच्या नावानं तो ओळखला जातो. अशा घराण्यांत डोळ्यांत आणि मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात आणि मूत्रपिंडाचा कर्करोगही होतो. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. हेच जनुक बिघडलं की पेशीला प्राणवायू भरपूर असूनही ‘गुदमरलो, गुदमरलो’ असं वाटतं आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. घराण्यात आजार नसलेल्या रुग्णांच्या गाठींतही बहुधा हाच बिघाड आढळला. पेशी प्राणवायू कसा ओळखते, हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्या रक्तवाहिन्यांची रसद तोडणाऱ्या गोळ्या, सोराफेनिब आणि सुनिटिनिब, अमेरिकेत अनुक्रमे डिसेंबर २००५ आणि जानेवारी २००६ मध्ये मंजूर झाल्या.

आणि इथे हा इतिहास आपल्या मुंबईत येतो. सोराफेनिबचं पेटंट बायर कंपनीकडे होतं. एका महिन्याच्या गोळ्यांची किंमत होती सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगाच्या किती रुग्णांना ती परवडणार? मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवायचा सक्तीचा परवाना दिला. महिन्याची किंमत ठरली ८,८८० रुपये. औषधासाठी दिलेला हा भारतातला पहिला सक्तीचा परवाना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये तिथेही परवाना कायम राहिला. आज या आजारात त्याहून प्रभावी औषधं आली आहेत. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारी इंजेक्शनंही आहेत. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागूही पडत नाहीत. पण मूत्रपिंड काढल्यावर ज्यांना आजार परतण्याचा धोका मोठा, अशा काहींना त्यातलं एक इंजेक्शन आधीच देतात. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. पाहण्याला अर्थ केव्हा येतो? जे दिसेल त्याच्यावर काही करता येतं तेव्हा. आज लहानसं काही दिसलं तर काढता येतं, पसरलं तर आवरायचा प्रयत्न करता येतो. म्हणून डॉक्टर बोलावतात. माझी घालवलेली झोप ही त्या सोयीची किंमत आहे, आणि ती मला परवडते.

फेरतपासणीचं दुसरं काम उरलेल्या मूत्रपिंडाची राखण. दोघांचं मिळून शंभर काम धरलं, तर निरोगी माणसात एकाचं काम पन्नासावर थांबत नाही. काही महिन्यांत साठ-सत्तरच्या घरात जातं. याचा भक्कम पुरावा मूत्रपिंडदात्यांनी दिला. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये रोनाल्ड हेरिक या तरुणानं आपल्या जुळ्या भावाला मूत्रपिंड दिलं. यशस्वी मूत्रपिंडरोपणाची सुरुवात तिथून झाली. रोनाल्ड पुढे शिक्षक झाले आणि २०१० मध्ये एकोणऐंशीव्या वर्षी वारले. एका मूत्रपिंडावर छप्पन्न वर्षं! माझ्याच पेशातला हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

पण दाता निवडताना निरोगी निवडतात, आपल्याला कुणी निवडलेलं नसतं. माझा रक्तदाब आधीपासून होता. म्हणून काही पथ्यं पाळावी लागतात. मीठ कमी, पापड-लोणचं चवीपुरतं. रक्तदाब आणि साखर ताब्यात. तंबाखू तर हा आजार होण्याच्या कारणांतच मोडते. गुडघा दुखला की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घ्यायची सवय मी पूर्ण सोडली, कारण तसल्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. कुणी प्रेमानं आणून दिलेली भस्मं किंवा चूर्णं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. काहींत जड धातू सापडले आहेत. आणि कोणत्याही दवाखान्यात गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘‘मला एकच मूत्रपिंड आहे.’’ मग डॉक्टर औषधाची मात्रा आणि स्कॅनच्या आधी द्यायचं इंजेक्शन त्या हिशेबानं ठरवतात.

माझ्याबरोबर शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ दुसऱ्या वर्षानंतर तपासणीला आलेच नाहीत. भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘ठणठणीत आहे हो, कशाला उगाच भुतं उकरायची?’’ मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कोल्बबाईंची, बॉस्टनच्या त्या रुग्णाची आणि मुंबईतल्या निकालाची गोष्ट सांगितली. माझी गाठही मी ठणठणीत असतानाच सापडली होती, हेही सांगितलं. पुढच्या महिन्यात दोघं एकाच दिवशी जाणार आहोत. पाचवं वर्ष आहे माझं. लिफाफा मिळाला की आधी चहा घेऊ, आणि मग उघडू.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)